शरीराचे पुन्हा उठणे

एका मंगळवारी दुपारी माझी बायको सुनंदा गेली. बुधवारी आम्ही तिला पुरलं.

पण सांगायचं आहे ते त्याआधीच्या रविवारचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — मुलाला नाही, चर्चच्या पाळकांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय? बहुधा तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी श्रीरामपूरला हायस्कुलात इतिहास शिकवला. चर्चमध्ये दर रविवारी मतांगीकार सुरू करून देणं माझ्याकडे असे. मतांगीकार म्हणजे मंडळीनं उभं राहून एका आवाजात म्हणायचा आपला विश्वास — देव, येशू, पवित्र आत्मा, आणि अगदी शेवटी 'शरीराचे पुन्हा उठणे व सार्वकालिक जीवन'. मी 'मी विश्वास धरतो' म्हणायचं, की मागून सगळे. कुठलं वाक्य कोणत्या मताला उत्तर म्हणून आलं, निकियाच्या परिषदेत बिशप एका शब्दावरून कसे अडून बसले — सगळं मी वाचलेलं. सुनंदा कर्जतकडची. म्हणायची, "तुमी लई हुशार. देवाला बी टिपणं काढून द्याल."

डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं. त्या रविवारी मी चर्चमधून आलो, तर ती जागी होती. मुलगा औषधं आणायला गेला होता.

"म्हनला का आज?" तिनं विचारलं.

"काय?"

"काय म्हंजे? मतांगीकार. मी बी हितं पडल्या पडल्या म्हनत हुते. शेवटाला आडकले."

कुठे अडकली, हे मला कळायला हवं होतं. आमची पहिली मुलगी जन्मली आणि आठवड्याच्या आत गेली. तिच्याबद्दल आम्ही घरात कधी बोललो नाही.

"आवं, शरीर उठतं म्हनतात," ती म्हणाली, "तर आपली बेबी केवढी आसंल? तेवढीच? मला वळखंल का?" मग माझ्याकडे बघून — "तुमी दर रविवारी म्हनता. तुमाला वाटतं का खरं?"

आणि मी काय केलं?

मी तास घेतला.

खुर्ची पुढे ओढली आणि सांगत बसलो. त्या काळी काही लोक म्हणत, शरीर ही हीन गोष्ट, येशूला खरं शरीर नव्हतंच, नुसता भास होता — म्हणून मंडळीनं ठासून म्हटलं, जन्मला, दुःख सोसलं, मेला, पुरला गेला. मग सांगितलं, की मुळात हे सगळ्यांनी मिळून पाठ म्हणायचं नव्हतंच. बाप्तिस्म्याच्या वेळी माणूस पाण्यात उभा राही आणि त्याला विचारत — तू विश्वास धरतोस का? तो म्हणे, धरतो. एकट्यानं. मागे मंडळीचा आवाज नसे.

तिनं मला तेच विचारलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही, असं म्हणू? — आलं होतं. बोलता बोलताच आलं. आणि तरी मी बोलत राहिलो. थांबलो असतो तर उत्तर द्यावं लागलं असतं. 'हो' म्हणायला मला खात्री नव्हती. 'माहीत नाही' म्हणायला हिंमत नव्हती. म्हणून मरणाऱ्या बाईला मी इतिहास सांगितला.

"बरं," ती म्हणाली. "दमला आसाल. पानी प्या." आणि भिंतीकडे तोंड केलं.

नंतरचे दोन दिवस ती पाण्याबद्दल बोलली, उशीबद्दल बोलली. हे नाही.

कबरीपाशी मतांगीकार मीच सुरू केला. आवाज शेवटच्या वाक्यालाही हलला नाही. पाळक लोकांना म्हणाले, "मास्तरांचा विश्वास बघा." लोकांनी माझे हात हातात घेतले. मी मान खाली घातली — ते मला नम्र समजले. मी समजू दिलं.

त्यानंतर चर्चमधल्या मुलामुलींना मतांगीकार शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. एकेक वाक्याचा अर्थ सांगतो. चांगला सांगतो, असं म्हणतात. शेवटच्या वाक्यावर कुणी काही विचारलं, तर आजही मी कधी, कुठे, कशासाठी ते सांगतो आणि पुढे जातो.

घरी मी एकटाच असतो. सुनंदाला उत्तर दिलेलं नाही. ते अजून माझ्यापाशी नाही.