काचेवरचा कोरडा साबण

कक्कडचा, म्हणजे ऐन पावसाचा आणि धुक्याचा, महिना लागला की मडिकेरीच्या वाटेवर समोरून येणारा आधी ऐकू येतो, मग दिसतो. म्हणून चोंडम्माचं एक काम ठरलेलं होतं. मुलगा बोप्पय्या कामावर निघायच्या आधी ती त्याच्या हेल्मेटची काच आतून घासायची. करवंटीत अंघोळीच्या साबणाचा उरलेला तुकडा असे. तो काचेवर कोरडाच फिरवायचा आणि जुन्या मलमलीनं पुसत राहायचं, साबण दिसेनासा होईपर्यंत. मग आत कितीही श्वास सोडा, काच धुरकटत नाही.

"अव्वा, काच घासतेस की माझं तोंड?" बोप्पय्या विचारायचा.

"तोंड घासून उपयोग नाही, म्हणून काच घासते."

बोप्पय्याला जाऊन आता वर्ष होत आलं. घाटातल्या वळणावर समोरची जीप त्याला दिसलीच नाही. पाहणारे म्हणाले, एका हातानं काच पुसत होता.

आज त्याची बायको देचम्मा त्याचीच मोटारसायकल घेऊन शाळेत शिकवायला निघाली होती. पहिलाच दिवस. नवं हेल्मेट मांडीवर घेऊन चोंडम्मा कधीची घासत बसली होती.

"अव्वा, पुरे की. काच झिजेल."

"झिजू दे."

"उशीर झाला तर हेडमास्तर आल्या पावली परत पाठवतील मला."

"थांब म्हटलं ना!" चोंडम्मा ओरडली. "त्या दिवशी मी घासली नव्हती."

एवढंच ती वर्षभर बोलली नव्हती. अपघाताच्या दोन दिवस आधी घरी पाहुणे होते. जेवता जेवता बोप्पय्या बोलून गेला, "डुकराचं कालवण आता देचीच्या हातचं खावं. अव्वाच्या हातची चव उतरली." सगळे हसले. चोंडम्माही हसली, आणि त्यानंतर त्याच्या हेल्मेटला शिवली नाही. शेवटच्या सकाळी तो हेल्मेट घेऊन चुलीपाशी घुटमळला होता. ती पाठ करून तांदळाची ओट्टी भाकरीसारखी थापत राहिली.

"एका कालवणापायी, देची."

देचम्मा तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझ्याकडे आला होता तो. म्हणाला, तू तरी घास. मी म्हटलं, चुलीवर अव्वांची जागा घेतलीच, आता करवंटीलाही हात लावू? जा, पाया पड त्यांच्या."

"मग?"

"हसला. म्हणाला, संध्याकाळी पडतो."

चोंडम्मानं डोळ्यांना मलमल लावली, मग तीच मलमल बघून बाजूला टाकली. भिजली होती. खणातून दुसरी काढली आणि करवंटीसकट सुनेपुढे सरकवली.

"धर."

"तुम्हीच घासा, अव्वा."

"आणि उद्या मी रुसले तर?"

देचम्मा घासू लागली. चोंडम्मानं वाकून काचेत श्वास सोडला. एक कोपरा धुरकटला.

"इथे राहिलं."

तिनं पुन्हा साबण फिरवला, पुन्हा पुसलं. या वेळी काच स्वच्छ राहिली. जाताना देचम्मा पाया पडली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

फाटकापलीकडे धुक्यात ती लगेच दिसेनाशी झाली. आवाज मात्र येत होता. चोंडम्मा ओट्यावर उभी राहून तो वळणापर्यंत ऐकत राहिली, आणि वळणानंतरही.