दादाची मिशी

ओल्या सहाणेवर वस्तरा घासल्याचा वास आला की ठाण्यातली ती संध्याकाळ आठवते. वडील हयात असताना मुलाने मिशी काढायची नसते. पण वडिलांनी दारू पिऊन आईला मारले, म्हणून सोळा वर्षांचा दादा तळ्यावरच्या न्हाव्याकडून कोवळी मिशी उतरवून आला. “अरे मेल्या, ते जिवंत आहेत!” आई म्हणाली. “माझ्यापुरते गेले,” दादा म्हणाला. मग कचेरीतून परतणाऱ्या वहाणांच्या आवाजाकडे कान लावून आम्ही बसलो. वडिलांनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. कुणी वारल्याची बातमी आल्यावर करतात तसे विहिरीवर जाऊन त्यांनी अंगरख्यासकट डोक्यावर घागर ओतली. “मुलगा गेला,” एवढेच म्हणाले. दादाने दिवेलागणीलाच घर सोडले. आज तो खरोखर गेल्याची तार आली आहे. स्नानासाठी मी विहिरीवर उभा आहे, पण घागर उचलवत नाही.