रेन्स्के आणि वीर्सेमाचा तास

साडेदहाच्या कॉफीला रेन्स्के पोस्थुमस हातात कागद घेऊन आली की जीवशास्त्राचे दोन-तीन प्राध्यापक तरी आपापला कप उचलून खिडकीकडे सरकत. जाडजूड ग्रंथ लिहिलेली ही माणसं, पण या बाईच्या एका कागदाला टरकून असत.

कागदावर भयंकर काही नसे. त्यांच्यापैकीच कुणाच्या तरी छापून आलेल्या लेखातला एखादा तक्ता असे. रेन्स्के शेजारी बसायची आणि म्हणायची, "हा तक्ता मी तुझ्याच आकड्यांवरून पुन्हा करून बघितला. तिसऱ्या पायरीला अडकले. जरा दाखवतोस?"

आता शिकवणं ज्याच्या रक्तात आहे तो नाही कसा म्हणेल? तो ऐटीत कागद ओढून घेई, पेन काढी आणि तिसऱ्या पायरीला स्वतःच अडके. मग कान खाजवत म्हणे, "त्या पायरीची फाइल बहुतेक माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर राहिली." आणि महिन्याभरात ती शोधून, नीट लावून, कुणालाही वापरता येईल अशी तिच्याकडे आणून देई.

ही युक्ती तिला पहिल्याच दिवशी सुचलेली नव्हती. फ्रिसलंड प्रांतातल्या गोठेवाल्याची ही मुलगी. एकोणीस वर्षं तिने लॅबमध्ये काढली, काचेची भांडी धुण्यापासून सूक्ष्मदर्शक दुरुस्त करण्यापर्यंत. मग विद्यापीठाने ठरवलं की संशोधन उघडं असावं, कुणालाही ते तपासता यावं, पुन्हा करून पाहता यावं. आणि त्या कामावर तिची नेमणूक झाली. पहिल्या वर्षी तिने चौदा पानांची नियमावली वाटली आणि सभा बोलावली. सभेला दोघं आले, त्यातला एक खोली चुकून. तरुण पोरांना समजावणं सोपं असतं हो. पण तीस-तीस वर्षं नाव कमावलेल्या माणसाला "तुझं कपाट उघड" म्हणणं म्हणजे जेवायला आलेल्या जावयाला भांडी घासायला बसवणं. तिने नियमावली रद्दीत घातली आणि एकेकाला गाठायला सुरुवात केली. चार वर्षांत अकरा कपाटं उघडली. मला विचाराल तर त्या अकरा कपाटांसाठी तिचा पुतळा उभारायला हवा होता, पण पुतळे प्राध्यापकांचे उभारतात.

उरलेले वीस जण मात्र एकाच माणसाकडे बोट दाखवत. शैवालावर काम करणारी हेडविख तर तोंडावर म्हणायची, "आधी ऑन्नोला देऊ दे. मग माझ्याकडे ये."

ऑन्नो वीर्सेमा म्हणजे त्या इमारतीतलं सगळ्यात मोठं नाव. देशाच्या उत्तरेच्या उथळ वाडन समुद्राच्या काठी लाल चोचीचे काळे-पांढरे पक्षी असतात, ओहोटीने चिखल उघडा पडला की कालवं फोडून खाणारे. हिवाळ्यात ते चिखल उघडा पडल्यावर येतात. उन्हाळ्यात मात्र तासभर आधीच येऊन काठाशी ताटकळतात, पिल्लांना भरवायची घाई असते म्हणून. हे वीर्सेमाने दाखवून दिलं होतं. पाठ्यपुस्तकांत त्याला 'वीर्सेमाचा तास' म्हणत. तो तीन महिन्यांनी निवृत्त होणार होता, निरोपाचं व्याख्यान याच तासावर देणार होता आणि त्याची खोली रिकामी व्हायची होती. खोलीत त्या समुद्रातल्या एका बेटावर केलेल्या निरीक्षणांच्या सात वह्या होत्या. रेन्स्के महिनाभर त्याच्या मागे लागली होती.

"घे बाई," तो शेवटी म्हणाला. "टाइप कर, बघ. उघडायच्या का ते मी मग ठरवीन. सापडणार काही नाही त्यात."

ती रोज दोन तास टाइप करू लागली. तारीख, वारा, पक्ष्यांची संख्या, वेळ. सातही वह्या उतरवून झाल्यावर वेळेच्या रकान्यापाशी ती थबकली आणि दुसऱ्या दिवशी कॉफीला त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"ऑन्नो, ही वेळ कुणाच्या घड्याळातली?"

"म्हणजे?"

"उन्हाळ्यात आपण घड्याळं तासभर पुढे करतो. ओहोटीचं छापील कोष्टक मात्र बाराही महिने हिवाळी वेळेत असतं."

"म्हणून तर उन्हाळ्यातल्या प्रत्येक नोंदीतून मी एक तास वजा केला," तो म्हणाला. "मी काय कालचा पोरगा आहे?"

"वह्यांत दोन अक्षरं आहेत. कुठल्या वह्या तुझ्या?"

"दोन माझ्या. पाच तेउनिसच्या. बेटावरचा कोळी. इतका चोख माणूस तुला शोधून सापडायचा नाही."

तेउनिस आता सत्त्याऐंशी वर्षांचा होता, पण फोनवर आवाज खणखणीत. रेन्स्केने विचारलं, "उन्हाळ्यात तुम्ही घड्याळ पुढे करायचात का हो?"

"मी? कशाला?" तो हसायला लागला. "समुद्र काय सरकारला विचारून ओसरतो? माझं घड्याळ मी जन्मात कधी हलवलं नाही. रविवारी चर्चला तासभर उशिरा पोचायचो, पाद्री डोळे वटारायचा. वटारत बस म्हणावं."

"ऑन्नोला हे ठाऊक होतं?"

"त्याने कधी विचारलं नाही."

फोन ठेवून रेन्स्केने वह्या पुन्हा उघडल्या. तेउनिसची वेळ मुळातच हिवाळी होती. वीर्सेमाने तिच्यातून आणखी एक तास काढून घेतला, आणि कागदावर पक्षी तासभर लवकर आले. तिने आकडे दुरुस्त करून पाहिले. मग वीर्सेमाच्या स्वतःच्या दोन वह्या वेगळ्या काढून पाहिल्या. दोन्हीकडे उत्तर एकच आलं: उन्हाळ्यात पक्षी काठाशी तासभर नव्हे, फक्त नऊ मिनिटं थांबत होते.

गप्प बसणं फार सोपं होतं. वेळेचा रकाना तसाच ठेवायचा, वर काही लिहायचं नाही. कुणाच्या बापाला कळलं नसतं. सांगितलं तर वीर्सेमाच्या कारकिर्दीची अखेर नाचक्कीत होणार. आणि वीस कपाटांना कायमची कुलपं लागणार, कारण 'बघा, उघडलं की असं होतं' हे म्हणायला सगळे टपलेलेच होते. शिवाय तिला तो माणूस आवडत होता. तिच्या आईच्या आजारपणात दर आठवड्याला न चुकता चौकशी करणारा तो एकटाच होता.

ती त्याच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. "या वेळी मी अडकले नाही, ऑन्नो," ती म्हणाली. "हे बघ."

त्याने बराच वेळ पाहिलं. तेउनिसचं बोलणं तिने जसंच्या तसं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"मग सहा आठवडे थांब. मी गेलो की घाल काय घालायचा तो गोंधळ."

"तू गेल्यावर मी दाखवलं तर ती चहाडी होईल," रेन्स्के म्हणाली. "आणि तुझ्या सहीशिवाय मी काही उघडणार नाही. आत्ताही नाही आणि नंतरही नाही."

"गोठ्यातून उठून आलीस आणि मला शिकवतेस."

हे तिला लागलं. पण तिने सातही वह्या टेबलावर ठेवल्या, सहीसाठी संमतीचा कागद वर ठेवला आणि बाहेर आली. त्यानंतर वीर्सेमा कॉफीला आला नाही. कागदही आला नाही. रेन्स्के रोज टपालाची पेटी उघडून पाहायची आणि आपणच आपलं काम बुडवलं असं तिला वाटायचं.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. सगळे प्राध्यापक काळे झगे घालून पुढे, रेन्स्के शेवटच्या रांगेत. पहिल्या रांगेत वीर्सेमाच्या बायकोशेजारी जुनाट निळ्या कोटातला एक म्हातारा बसला होता. रेन्स्केने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण तो कोण हे तिला लगेच कळलं.

वीर्सेमाने पडद्यावर आपल्या आलेखाची ती प्रसिद्ध, उन्हाळ्यात उसळी घेणारी रेघ दाखवली. मग तिच्याखाली दुरुस्त आकड्यांची दुसरी, जवळजवळ आडवी.

"पक्षी नऊ मिनिटं थांबतात," तो म्हणाला. "बाकीची एक्कावन्न मिनिटं माझी होती. तेउनिस कुठलं घड्याळ वापरतो हे तीस वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नाही. रेन्स्के पोस्थुमसने विचारलं. मी तिला त्याबद्दल वाईट बोललो. त्याची मी इथे माफी मागतो."

निरोपाचं व्याख्यान तिकडे एकाच ठरलेल्या वाक्याने संपतं: 'मी बोललो आहे.' त्यानंतर प्रश्न नाहीत, शंका नाहीत. प्राध्यापकाचा तो शेवटचा शब्द. वीर्सेमाने चष्मा काढला आणि झग्याच्या खिशातून सही केलेला कागद बाहेर काढला.

"वह्या आजपासून उघड्या आहेत," तो म्हणाला. "आता तुम्ही बोला."

तेउनिसने शेजारणीला मोठ्याने विचारलं, "आता टाळ्या वाजवायच्या का?" आणि सगळं सभागृह हसत उभं राहिलं.

रेन्स्केला उभं राहता येईना. ती रडत होती आणि रुमाल सापडत नव्हता. गर्दीतून वाट काढत कुणीतरी तिच्यापाशी आलं आणि आपला रुमाल पुढे केला. हेडविख होती.

"माझ्याकडे बावीस वर्षांच्या वह्या आहेत," ती हळूच म्हणाली. "त्यांत काय निघेल कोण जाणे. मला भीती वाटते, रेन्स्के."

"मलाही वाटली होती," रेन्स्के डोळे पुसत म्हणाली. "सोमवारी घेऊन ये."