व्हर्लिनचं जुन्या धाटणीचं रिव्हॉल्व्हर

व्हर्लिन टेटने डेलच्या बंदुकांच्या दुकानात इतक्या चकरा मारल्या, की शेवटी डेलनेच मला फोन केला. म्हणाला, "रॉस, तुझ्या मित्राला एक तर रिव्हॉल्व्हर घ्यायला सांग, नाहीतर काउंटरमागे उभं राहून माझी गिऱ्हाइकं तरी सांभाळायला सांग."

व्हर्लिन आमच्या भागातला पवनचक्कीवाला. नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत निम्म्या कुरणांतली गुरं त्याच्या हातच्या पवनचक्क्यांनी उपसलेलं पाणी पितात. माणूस हट्टी, तोंडाचा फटकळ. शनिवारी आम्ही सगळे काउबॉयसारखी हॅट घालून जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरने लोखंडी पाट्यांवर नेम धरतो, त्या क्लबचा तो आधारस्तंभ. आमच्या या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात काडतुसांची सहा घरं, पण भरायची पाचच. एक भरा, एक सोडा, चार भरा आणि काडतुसावर आदळणारा घोडा रिकाम्या घरावर उतरवा. घोडा भरलेल्या घरावर राहिला आणि रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं, तर पडताच बार उडतो. म्हणून भरताना शेजारी एकाने उभं राहून तपासायचं असतं. कित्येक वर्षं हे काम व्हर्लिनकडे होतं. एकदा त्याने सख्ख्या मेहुण्याला याच चुकीसाठी घरी पिटाळलं होतं.

जूनमध्ये तपासायला मी होतो, आणि व्हर्लिनचा घोडा भरलेल्या घरावर निघाला. नियमाप्रमाणे तो दिवसभरासाठी बाद. त्याने सगळा राग रिव्हॉल्व्हरवर काढला. खिळखिळं झालंय, चक्र नीट फिरत नाही, नवीन घ्यायलाच हवं. मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण जेवणाच्या वेळी चिलीच्या रश्श्याबरोबरचे गोड सिनमन रोल वाढता वाढता त्याची बायको लोर्ना मला हळूच म्हणाली, की हल्ली तो एका पवनचक्कीवर चढतो आणि कशाला चढलो ते विसरून खाली येतो. दोष रिव्हॉल्व्हरचा की डोक्याचा, एवढंच त्याला त्या दुकानात ठरवायचं होतं, आणि ते काही केल्या ठरत नव्हतं. घ्यायला निघायचा, दारातून परत फिरायचा. रोज मला फोन करून तेच ते बोलायचा. मी वैतागायचो, आणि मग वैतागल्याचीच लाज वाटायची.

शेवटी मीच त्याला दुकानात घेऊन गेलो. डेलने दोन रिव्हॉल्व्हरं पुढे ठेवली, दिसायला जुळी. एक अगदी जुन्या धाटणीचं, दुसऱ्याच्या आत सुरक्षेची नवी कळ. ते सहाही घरं भरून खाली पाडलं तरी उडणार नाही.

"ते लहान मुलांना विक," व्हर्लिन म्हणाला आणि जुन्या धाटणीचं उचललं.

डेलने खोटी काडतुसं दिली. व्हर्लिनने भरलं. अगदी बरोबर. त्याचा चेहरा असा खुलला, की मला हायसं वाटलं. मग डेलने सहज हॅन्सनच्या पवनचक्कीचं विचारलं. व्हर्लिन तिच्या तुटलेल्या पात्यांबद्दल तावातावाने बोलत राहिला आणि बोलता बोलता पुन्हा भरलं. क्लबात दाखवतात तसं माझ्यापुढे धरलं.

घोडा भरलेल्या घरावर होता. काडतुसं खोटी होती. "ठीक आहे" म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मला तेच म्हणायचं होतं.

"व्हर्लिन," मी म्हणालो, "बघ एकदा."

त्याने बघितलं. चक्र बोटाने फिरवून पाहिलं.

"हे तर नवंकोरं आहे," तो म्हणाला.

डेलने दुसरं रिव्हॉल्व्हर जरा पुढे सरकवलं. व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. जुन्या धाटणीचंच बांधून घेतलं. मी मनात चरफडलो, की एवढं होऊनही याचा हट्ट जात नाही. ट्रकमध्ये बसल्यावर त्याने ती पेटी माझ्या मांडीवर ठेवली.

"तुझ्या तिजोरीत राहू दे. लोर्नाला घरात नको. मी तुझ्या कुरणात येत जाईन. भरायचं तू."

"आणि क्लब?"

"क्लबात दुसऱ्याने भरलेलं चालत नाही. तो नियम माझाच आहे."

गुरुवारी तो आला. मी भरलं, घोडा रिकाम्या घरावर उतरवला. त्याने हातात घेऊन आधी तपासलं, मान डोलावली. मग एकामागून एक सगळ्या पाट्या वाजवल्या. हात जराही हलला नाही. असा नेम आमच्यात कुणाचाच नाही.

पण शेवटच्या पाटीनंतरही त्याने रिव्हॉल्व्हर खाली घेतलं नाही. तसाच उभा राहिला, नजर समोर.

"किती बार झाले, रॉस?"

"पाच झाले."

"बरं," म्हणून त्याने रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. जन्मात पहिल्यांदा त्याने माझं मोजणं निमूटपणे मान्य केलं. त्याने वाद घालावा याची वाट बघत मी तसाच उभा राहिलो.