घरी आल्याचे पाचशे

समोरच्या घरातल्या काकूंना भांडता येत नाही. समोरच्याचा शेवटचा शब्द त्या हळूच परत विचारतात आणि गप्प राहतात. भाजीवाला "मेथी तीस" म्हणाला की काकू म्हणतात, "तीस?" मला त्या गप्प राहण्याचा जरा धाकच वाटतो.

परवा काका कंपनीच्या बसनं वाळूजला गेले होते. त्यांच्या मोटारसायकलचा हप्ता थकला म्हणून फायनान्सचा वसुलीवाला दारात आला. काकूंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"हप्ता अन् वर पाचशे व्हिजिट चार्ज. नायतर खालची गाडी उचलतो."

"व्हिजिट चार्ज?"

"म्हणजे मी घरी आलो त्याचे."

"घरी आलो त्याचे?"

मी माझ्या दारात उभा होतो. जिन्यात आणखी दोघी थांबल्या. तो मोबाइल चाळत राहिला.

"हप्ता आमच्याकडं निघतो, तो घ्या," काकू म्हणाल्या. "हे पाचशे कुठल्या कागदात लिव्हलेत, तेवढं दाखवा."

त्यानं मोबाइल खिशात टाकला आणि हप्त्याचीच पावती फाडली. तो उठायला लागला, तेव्हा काकूंनी चहाचा कप पुढं केला.

"घ्या. याचे लावत नाय मी."