टायरचा पिवळा दिवा

चैत्र संपत आला होता आणि आमच्या गाडीतला टायरच्या हवेचा पिवळा दिवा तिसऱ्यांदा पेटला. मी डोक्याला हात लावला. लेक न्हावा शेव्याला नोकरीला, नववा महिना लागलेला, जावई जहाजावर. फोन आला की मी निघायचं, असं ठरलेलं. आमच्या यांची नजर वर्षभरापूर्वी अधू झाली, त्यामुळे घरात गाडी चालवणारी मी एकटी, तीही पन्नाशीनंतर शिकलेली. अशा वेळी दिवा पेटून कसं चालेल?

पहिल्यांदा पेटला तेव्हा बोर्ली पंचतनच्या पंक्चरवाल्याकडे गेले होते. त्याने चारही चाकं मापली.

"पंक्चर न्हाय काकू, हवाच कमी हाय."

हवा भरून त्याने स्टिअरिंगजवळचं बटण दाखवलं. दिवा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचं, म्हणजे गाडी आत्ताची हवा बरोबर धरून चालते. "पण भरल्याबिगर दाबू नका हां. कमी हवेवर दाबलंत, तर तिला तेवढीच बरोबर वाटंल." पैसे मात्र घेईना. म्हणाला, सरांच्या गाडीचे कसले पैसे? आमचे हे तिथल्याच शाळेत मास्तर होते.

चार दिवसांनी पुन्हा दिवा, पुन्हा बटण, पुन्हा पैसे नकोत. पाणी कुठेतरी मुरतंय, असं मला तेव्हाच वाटलं. आजकाल फुकट कोण काय करतं हो? आणि खिळा लागला तर एक टायर बसेल, चारही सारखे कसे बसतात? हाच भरताना काहीतरी करून ठेवत असणार. आज फुकट, उद्या म्हणेल, चारही टायर बदला!

तिसऱ्या वेळी मात्र माझा तोल सुटला. कोळणी मासळी मांडून बसल्या होत्या, त्यांच्यादेखत मी त्याला फैलावर घेतलं. "लाज नाही वाटत? पोर तिकडे अवघडलेली, आणि तू माझ्या गाडीशी खेळतोस?"

तो खाली बसून व्हॉल्व्हमधून नखाने कसलातरी कण काढला, बघितला आणि विचारलं, "दुपारची गाडी कुठं असते, काकू?"

"आमच्या वाडीत. फाटकाला कुलूप असतं."

"बरं," म्हणाला आणि हवा भरू लागला. ते 'बरं' मला मुळीच आवडलं नाही. मेला माझ्याकडूनच घरची माहिती काढून घेतोय!

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी झोपायला जाते म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी दबा धरून बसले. चोर आज हाती लागणार होताच.

लागलाही. डोक्यावर पंचा घेतलेले आमचे हे, सुपारीच्या सावलीतून चाचपत गाडीपाशी आले. चाकाशी उकिडवे बसले, काडीपेटीतून काडी काढली आणि व्हॉल्व्हमध्ये दाबली. फुस्स! मग दुसरं चाक.

"अहो! काय चाललंय हे?"

ते दचकले. "उन्हात हवा फुगते. रोज थोडी काढून ठेवतो. रस्त्यात टायर फुटला तर एकटी काय करशील तू?"

शाळेत मास्तर असताना सायकलचीही अशीच काढायचे म्हणे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. डोळे गेले तशी अक्कलही गेली का, इथपर्यंत गेले.

सकाळी यांना शेजारी बसवून बोर्लीला गेले. त्याच कोळणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "चुकलं माझं. तुझा काही दोष नव्हता."

तो हसला. "काडीचं टोक बघितलं, तवाच समजलं. सर दुपारी सायकलची हवा काढायचे नि सांजच्याला माझ्याकडं भरायला यायचे. कितीतरी वर्सं."

"मग मला सांगितलं का नाहीस? एवढं ऐकून घेतलंस!"

त्याने गाडीत गप्प बसलेल्या यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला बोललात, ते चाललं काकू. सांगितलं असतं तर सरांना बोलला असतात."

रात्रीचं यांचं ताट घरी ओट्यावर अजून तसंच झाकलेलं होतं.