थोरल्याचा वाहता कान

पोस्टमननं नाकाला रुमाल लावला आणि थोरल्याचा वस्तरा जागच्या जागी थांबला. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबणाचा फेस. “वास येतोय ना? मग उठा, दुसरं दुकान बघा,” असं म्हणत त्यानं जुन्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीचं कापड ओढून काढलं. बिचारा पोस्टमन फेसासकट रस्ता ओलांडून गेला आणि समोरच्या फुटपाथवर पोचताच शिंकतच सुटला. त्याला सर्दी झाली होती. हे अख्ख्या सलूननं बघितलं.

दोघा भावांचं हे सलून, आणि त्यातला हा मोठा. लहानपणापासून त्याचा उजवा कान वाहायचा. पडद्याला भोक होतं. पाणी गेलं किंवा सर्दी झाली की आत पू व्हायचा, कापसाचा बोळा पिवळा पडायचा आणि डोक्यात कुणी मिक्सर लावून विसरून गेल्यासारखी घरघर. उशीवर टॉवेल टाकून झोपायचं, पोहायचं नाव काढायचं नाही, चारचौघांत कोपरा धरून बसायचं, हे सगळं त्यानं अंगवळणी पाडून घेतलं होतं. वासाचं मात्र जमेना. धंदाच असा, की दुसऱ्याच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं. आणि आपला वास आपल्याला कळत नाही, म्हणून तो लोकांच्या चेहऱ्यांवर शोधत बसायचा.

त्यात समोर भिंतभर आरसा. उजवीकडचं कमी ऐकू येई, म्हणून आरशात बघून अंदाज बांधायची त्याला खोड. धाकटा गिऱ्हाइकाशी बोलताना नाकाला बोट लावायचा. नाकातले केस कापू का, एवढंच विचारत असायचा. पण थोरल्याला वाटे, आपलाच विषय चाललाय. कल्ले कुठवर ठेवायचे हे दाखवायला कुणी कानाकडे बोट नेलं, की झालंच. सलूनमध्ये आलेला माणूस नाक, कान, गाल सोडून बोट दाखवणार तरी कशाला? पण संशयाला हे कोण समजावणार. डॉक्टरही त्यातून सुटला नव्हता. कानात टाकायचे थेंब हा कधी बंदच करत नाही, म्हणजे औषधाच्या दुकानात याची भागीदारी असणार. कान जरा कोरडा झाला की बाटली कपाटावर जाई, आणि पुन्हा वाहायला लागला की दोष औषधाचा.

त्या दिवशी दुकान झाडून झाल्यावर धाकट्यानं सांगून टाकलं, की कान बरा होईपर्यंत थोरल्यानं गल्ल्यावर बसावं, खुर्चीशी उभं राहू नये.

“बापानं दिलेली खुर्ची आहे माझी.”

“खुर्ची कोण नेतंय, दादा? माणसं चाललीत. तुझी गिऱ्हाइकं मी माझ्याकडे वळवतो, हे खरंय. नाहीतर ती दुसरीकडे जातात.”

म्हणजे संशय अगदीच खोटा नव्हता. पण खरा ठरल्याचा आनंदही होईना.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ही खिडकीच्या बाजूलाच का झोपते, हा प्रश्न त्याला आजच पडला.

“माझ्या कानाला वास येतो का गं?”

“येतो.” तिची घडी थांबली नाही.

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

“मग बोलली नाहीस कधी?”

“बोलले असते, तर तुम्ही विचारलं असतं, तुला कुणी शिकवलं? भावजींनी, का त्या डॉक्टरनं?”

थोरल्यानं उघडलेलं तोंड मिटून घेतलं. नेमकं तेच विचारायला ते उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टर काय म्हणाला याला साक्षीदार हवाच होता. डॉक्टरनं सांगितलं, असंच चालू ठेवलं तर आतलं हाड पोखरलं जाईल. आधी कान कोरडा करू, मग नवा पडदा बसवू. थेंबांची बाटली बायकोनं आपल्या ताब्यात घेतली. ती त्याला कुशीवर झोपवायची, थेंब टाकायची आणि सांगेपर्यंत हलू द्यायची नाही. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात. दुकानात तो गल्ल्यावर बसला. तिथून आरसा दिसत नव्हता, हेही एक औषधच झालं.

ऑपरेशन झालं, पडदा धरला. थोरला खुर्चीशी परतला, त्या सकाळी धाकट्यानं पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, “दादाकडे बसा.” गिऱ्हाईक बसलं. थोरल्यानं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, वाकला, आणि समोरचा चेहरा आहे तसाच राहिला.

आता धाकट्याची माफी मागायची तेवढी राहिलीय. रोज शटर ओढताना शब्द अगदी ओठांवर येतात. पण आपल्याला गल्ल्यावर बसवण्यात याचा काही डाव तर नव्हता ना, एवढी एकदा खात्री करून घ्यावी आणि मग मागावी, असं थोरल्यानं ठरवलंय.